विषय तिचा, काळजी तुमची

साताऱ्याच्या एका आईचं पत्र आलं आहे. नाव छापू नका, असं त्यांनी बजावलं आहे. पत्र लांब आहे, त्यातला मुख्य भाग देते.

'माझी मुलगी पुण्यात चित्रपट आणि माध्यमं या विषयात एम.ए. करते. दिवाळीत घरी आली होती तेव्हा रात्री जागून लॅपटॉपवर सिनेमे बघायची आणि वहीत काहीबाही टिपून घ्यायची. एकदा दूध द्यायला गेले तर पडद्यावर एक मिशीवाला आणि एक दाढीवाला मोटारीत बसून हाताएवढी विडी ओढत होते, गाडीभर नुसता धूर. हे काय, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "आई, हाच माझा प्रबंध. स्टोनर कॉमेडी." गांजा ओढणाऱ्यांचे विनोदी सिनेमे, हेही तिनंच समजावलं. तिच्या बाबांनी ते ऐकलं. गांजाड्यांवर डिग्री घ्यायला मी फी भरणार नाही, एवढंच म्हणाले आणि त्यानंतर तिच्याशी धड बोललेले नाहीत. दीर म्हणतात, स्थळं बघायची वेळ आली, लोकांनी विचारलं तर काय सांगायचं? मी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं आहे. अभ्यास कशाचाही होऊ शकतो, एवढं मला कळतं. पण मला खरी धास्ती वेगळीच आहे. ती स्वतः ओढत नसेल ना? विचारायचा धीर होत नाही. तिला विषय बदलायला सांगू का?'

ताई,

विषय बदलायला सांगू नका. आणि ती ओढते का, हे मात्र विचारा. लवकर विचारा आणि सरळ विचारा. या दोन गोष्टी तुमच्या घरात एकमेकींत अशा गुंतल्या आहेत की एकीची भीती दुसरीवर निघते आहे. बाबा फीबद्दल बोलतात, काका स्थळांबद्दल बोलतात, तुम्ही प्रबंधाबद्दल विचारता, आणि सगळ्यांच्या मनात आहे तो प्रश्न कुणीच तोंडाबाहेर काढत नाही. तुम्ही 'विषय बदल' म्हणालात तर तिला एवढंच ऐकू येईल की घरच्यांचा माझ्यावर विश्वास नाही. मग तुम्हाला जे कळायला हवं, ते कधीच कळणार नाही.

आधी विषयाचं बोलू. त्याबद्दल घरात जे बोललं गेलं, ते मला अन्यायाचं वाटतं.

तुम्ही पाहिलात तो सिनेमा 'अप इन स्मोक' असणार, १९७८ चा. मिशीवाला चीच मरीन आणि दाढीवाला टॉमी चाँग. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे राष्ट्रीय चित्रपटांची एक नोंदवही आहे. देशाच्या संस्कृतीच्या, इतिहासाच्या किंवा कलेच्या दृष्टीनं मोलाचे २५ सिनेमे दरवर्षी निवडून त्यात घेतले जातात आणि जतन केले जातात. २०२४ मध्ये 'अप इन स्मोक' त्या नोंदवहीत गेला. त्याच कुळातला 'द बिग लेबोव्स्की' २०१४ मध्येच गेला होता. तुमच्या दिरांना सांगायला हे पुरेसं आहे. पण सरकारी नोंद झाली म्हणून एखादा विषय मोठा होत नाही. तो मोठा का, हे तुम्ही समजून घ्यावं असं मला वाटतं, कारण त्यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर आहे.

ही गोष्ट सुरू होते ती आईबापांसाठी काढलेल्या एका सिनेमापासून. १९३६ साली अमेरिकेत 'टेल युवर चिल्ड्रन' नावाचा चित्रपट निघाला. पुढे तो 'रीफर मॅडनेस' या नावानं ओळखला गेला. त्याची सुरुवात होते शाळेतल्या पालकसभेनं. मुख्याध्यापक समोर बसलेल्या पालकांना सांगतात की गांजा तुमच्या मुलांच्या दारात येऊन उभा आहे. मग पडद्यावर चांगल्या घरची मुलं एकेक झुरका घेतात आणि बघता बघता वेडी होतात. मोटारीखाली माणूस चिरडला जातो, पिस्तूल सुटतं, एक मुलगी खिडकीतून उडी घेते, एकाची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होते. हॅरी अ‍ॅन्सलिंगर नावाचे अधिकारी तेव्हा अमली पदार्थांच्या केंद्रीय खात्याचे प्रमुख होते. ते वर्तमानपत्रांतून अशाच गोष्टी पसरवत होते, आणि त्या सांगताना मेक्सिकन आणि काळ्या माणसांकडे बोट दाखवत होते. १९३७ मध्ये गांजावर कर लावणारा कायदा आला. नाव कराचं असलं तरी परिणाम बंदीचाच झाला. १९७० च्या कायद्यानं गांजाला हेरॉइनच्याच पंक्तीत, सगळ्यात कडक यादीत नेऊन बसवलं.

मग १९७२ साल उजाडलं. गांजाचे कायदे सैल व्हावेत म्हणून काम करणाऱ्या नॉर्मल या संघटनेचे संस्थापक कीथ स्ट्रूप यांना लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हा जुना सिनेमा सापडला. त्यांनी २९७ डॉलरला त्याची प्रत विकत घेतली आणि कॉलेजांमधून दाखवायला सुरुवात केली. मुलं खुर्चीतून पडेपर्यंत हसली. सिनेमातली एक चौकटसुद्धा कुणी बदलली नव्हती. पालकांना घाबरवण्यासाठी केलेली गोष्ट पस्तीसेक वर्षांत त्यांच्या नातवंडांच्या पिढीची आवडती विनोदी फिल्म झाली.

ताई, तुम्ही शिक्षिका आहात, म्हणून हे जरा सविस्तर सांगते आहे. त्या मुलांना हसू का आलं? गांजा ओढलेली माणसं त्यांच्या आजूबाजूला होती आणि त्यांतलं कुणी खिडकीतून उडी मारत नव्हतं. मोठ्यांनी धडधडीत खोटं सांगितलं होतं. हेच सरकार तेव्हा व्हिएतनामबद्दलही खोटं सांगत होतं आणि कोवळ्या पोरांना सक्तीनं लढायला पाठवत होतं. एकदा एक खोटं उघडं पडलं की खरा इशाराही कुणी ऐकत नाही. मला या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत दुखरी जागा वाटते. गांजाचे खरे तोटे सांगणाऱ्यांचं म्हणणंही त्या हशात वाहून गेलं.

आता ते दोघे. चीच मरीन लॉस एंजेलिसमधल्या मेक्सिकन वंशाच्या घरातला, आणि त्याचे वडील तिथल्याच पोलीस खात्यात. लष्करभरती टाळायला तो कॅनडात गेला. टॉमी चाँग तिथलाच, एडमंटनचा. बाप चिनी, आई गोरी. तो आधी एका बँडमध्ये गिटार वाजवायचा. व्हँकूव्हरमधल्या एका नाइट क्लबमध्ये दोघांची गाठ पडली, आणि तिथल्या तात्पुरत्या, उत्स्फूर्त नाटुकल्यांतून ही जोडी तयार झाली. बघा, अमेरिकेच्या विनोदी पडद्यावर तोवर यांच्यासारख्यांना नोकराची, आचाऱ्याची किंवा गुंडाची भूमिका मिळायची. यांनी स्वतःलाच नायक केलं. १९७३ च्या त्यांच्या विनोदी अल्बमला ग्रॅमी पुरस्कारही मिळाला.

त्यांच्या १९७१ च्या पहिल्या अल्बममध्ये एक छोटासा प्रवेश आहे. तुमच्या मुलीला तो पाठ असेल. दारावर थाप पडते. आतून एकजण घोगऱ्या आवाजात विचारतो, कोण आहे? बाहेरचा दबक्या आवाजात म्हणतो, मी डेव्ह, दार उघड, माल आणलाय. आतला विचारतो, कोण? डेव्ह. उघड लवकर, मला वाटतं पोलिसांनी मला आत येताना पाहिलंय. आतला थोडा वेळ गप्प राहतो आणि सांगतो, डेव्ह घरी नाही. बाहेरचा रडकुंडीला येतो, अरे मीच डेव्ह! आणि आतून पुन्हा शांतपणे, डेव्ह घरी नाही. एवढंच आहे. वाचताना पोरकट वाटेल. पण ज्या काळात रात्री दारावर थाप पडणं म्हणजे धाड, हे समीकरण होतं, त्या काळात हे ऐका. आतल्याच्या डोक्यात नशा आहे, बाहेरच्याच्या मानेवर पोलीस आहे, आणि मध्ये एक बंद दार आहे. ती भीती काढून घेतली तर त्या प्रवेशात काही उरत नाही. हा विनोद भीतीतूनच आला आहे.

'अप इन स्मोक' मध्येही तसंच आहे. सगळ्यांना आठवते ती गांजाचीच बनवलेली मोटार, जी हे दोघे नकळत मेक्सिकोतून अमेरिकेत चालवत आणतात. मला त्याहून मोलाचा वाटतो तो आधीचा एक छोटा प्रसंग. घरात अचानक इमिग्रेशनवाले घुसतात आणि सगळ्यांना पकडून सीमेपार तिहुआनाला सोडतात. आणि कळतं काय? त्यांना बोलावणारे घरचेच होते! तिहुआनात नातेवाइकांत लग्न होतं, गाडीभाडं वाचावं म्हणून त्यांनी स्वतःवरच तक्रार केली होती. ज्या धाडीनं हजारो घरं उद्ध्वस्त केली, तिला या लोकांनी लग्नाची बस करून टाकलं. तमाशातला सोंगाड्या राजाला आणि कोतवालाला जसा सगळ्यांदेखत खाली उतरवतो, तसंच हे आहे. तुमच्या मुलीला हा प्रसंग विचारा. ती त्यावर किती वेळ बोलते ते बघा.

हे दोघे काही आकाशातून पडले नव्हते. त्यांच्या आधी लेनी ब्रूस नावाच्या विनोदवीराला अश्लील बोलल्याबद्दल १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टानं दोषी ठरवलं. तो १९६६ मध्ये गेला आणि राज्याच्या गव्हर्नरनं त्याला माफी दिली ती २००३ मध्ये. यिप्पी म्हणवणाऱ्या तरुणांनी १९६८ मध्ये शिकागोत राष्ट्राध्यक्षपदासाठी चक्क एका डुकराला उभं केलं. जॉर्ज कार्लिन या विनोदवीराला टीव्हीवर न चालणारे सात शब्द मंचावर उच्चारल्याबद्दल १९७२ मध्ये अटक झाली, आणि त्याच शब्दांचा खटला १९७८ मध्ये, म्हणजे 'अप इन स्मोक' आला त्याच वर्षी, सुप्रीम कोर्टात निकाली निघाला. धुराचे सिनेमे हे या मोठ्या भांडणाचं एक लेकरू आहे. कुणाला काय बोलायची मुभा आहे आणि कुणाच्या बोलण्याला गुन्हा म्हणायचं, हे ते भांडण.

आणि हे नुसतं पुस्तकी नाही. २००३ मध्ये टॉमी चाँगला खरोखर तुरुंगात जावं लागलं. गांजा विकल्याबद्दल नव्हे, ओढायच्या काचेच्या नळ्या इंटरनेटवरून विकल्याबद्दल. बायको आणि मुलावर खटला येऊ नये म्हणून त्यानं गुन्हा कबूल केला. ९ महिन्यांची शिक्षा झाली, वर २०,००० डॉलर दंड. सरकारी वकिलांनी कोर्टात त्याच्या जुन्या सिनेमांचा दाखला दिला, की या माणसानं पोलिसांच्या कामाची टिंगल करून पैसा मिळवला. पंचवीस वर्षांपूर्वीचा विनोद शिक्षा सुनावताना मोजला गेला. ज्या विनोदाचा सरकारला इतका राग येतो, त्याचा अभ्यास व्हायला हवा, असं मी मनापासून म्हणते.

आपल्याला जवळचा सिनेमा पुढे २००४ मध्ये आला, 'हॅरॉल्ड अँड कुमार गो टू व्हाइट कॅसल'. यातला कुमार पटेल हा भारतीय घरातला मुलगा. भूमिका केली कॅल पेन यानं, त्याचं जन्मनाव कल्पेन मोदी, न्यू जर्सीच्या गुजराती कुटुंबातला. दुसरा हॅरॉल्ड, कोरियन वंशाचा. रात्री गांजा ओढून दोघांना विशिष्ट दुकानातलेच बर्गर खायची हुक्की येते, आणि त्या बर्गरसाठी ते रात्रभर भटकतात. गोष्ट एवढीच. पण सुरुवातीलाच हॅरॉल्डचे गोरे सहकारी शुक्रवारी संध्याकाळी आपलं काम त्याच्या टेबलावर टाकून मजा मारायला निघून जातात, हे चिनी-कोरियन लोक कामाला वाघच असतात, असं म्हणत. कुमारच्या मागे बापाचा धोशा आहे, डॉक्टर हो. मोठा भाऊ आधीच डॉक्टर. कुमारला वैद्यकातलं सगळं येतं, पण कुणी ढकललं म्हणून तो जाणार नाही. वाटेत एक पोलीस त्याचं नाव ऐकून स्पेलिंगची टर उडवतो, यात पाच 'ओ' आहेत की दोन 'यू'. कोठडीत त्यांच्यासोबत एक काळा गृहस्थ बसलेला असतो, केवळ काळा असल्यामुळे पकडलेला, आणि तो शांतपणे थोरोचं सविनय कायदेभंगावरचं पुस्तक वाचत असतो.

अमेरिकेत वाढलेल्या कितीतरी मराठी मुलांनी मला सांगितलं आहे की पडद्यावर आपल्यासारखा चेहरा टॅक्सी चालवताना किंवा दुकानाच्या गल्ल्यावर न दिसता, आळशी, हुशार, प्रेमात पडणारा, चुका करणारा असा पहिल्यांदा इथंच दिसला. त्यांच्या आईबापांना तो सिनेमा वाह्यात वाटला, आणि त्यांचं वाटणंही मला समजतं. पण नावाची टर उडवणारा तो पोलीस त्यांनाही भेटलेलाच होता. कॅल पेन पुढे २००९ मध्ये ओबामांच्या व्हाइट हाउसमध्ये काम करायला गेला. हे तुमच्या मिस्टरांना जरूर सांगा.

एवढं कौतुक केलं, आता दुसरी बाजूही मांडते, कारण मुलीच्या प्रबंधात ती यायला हवी. या सिनेमांत बायकांना जवळजवळ जागाच नाही. बाई म्हणजे एक तर मागे लागायची गोष्ट, नाहीतर पुरुषांची मजा मोडणारी. समलिंगी माणसांवरचे हलके विनोद तर पोत्यानं सापडतील. आळसाचं सुख पडद्यावरही पुरुषालाच परवडतं. २००७ चा 'स्मायली फेस' किंवा २०१४ ते २०१९ चाललेली 'ब्रॉड सिटी' ही मालिका, यांत बाईला पहिल्यांदा निवांतपणे मूर्खपणा करायची सवलत मिळाली. तुमची मुलगी स्वतः तरुण बाई आहे. या सिनेमांवर हसताना तिला कुठं खटकतं, हे तिनं लिहिलं तर तो प्रबंध कुणा अमेरिकन विद्यार्थ्याच्या प्रबंधाहून वेगळा होईल.

आणि आणखी एक. कॅलिफोर्नियानं २०१६ मध्ये मतदानानं गांजा कायदेशीर केला, कॅनडानं २०१८ मध्ये. चीच आणि चाँगच्या नावानं आज दुकानांत रीतसर माल विकला जातो. दारावरची थाप गेली, तसा विनोदही फिका पडला. आता पडद्यावर कुणी ओढलं तर ते जाहिरातीसारखं दिसतं. पण थाप सगळ्यांच्याच दारावरून गेली नाही. एसीएलयू या नागरी हक्क संघटनेनं २०१३ मध्ये दाखवून दिलं की वापर जवळपास सारखा असूनही गांजा बाळगल्याबद्दल काळ्या माणसाला अटक होण्याची शक्यता गोऱ्याच्या ३.७३ पट होती. कुणाच्या नशेला विनोद म्हणायचं आणि कुणाच्या नशेला गुन्हा, हा प्रश्न अजून मिटलेला नाही. तो आपल्या मुलीनं विचारावा, याचा मला तर अभिमान वाटेल.

आता घर. लोकांना काय सांगायचं, हा प्रश्न सगळ्यात सोपा आहे. 'अमेरिकन विनोदी सिनेमा आणि तिथले कायदे यांवर ती लिहिते आहे.' हे पूर्ण खरं आहे, यात काही लपवाछपवी नाही. ज्या स्थळाला एवढ्यावरून अडचण वाटेल, ते स्थळ तिला पुढेही जड जाईल. मिस्टरांशी भांडू नका. त्यांना सिनेमा बघायला बसवूही नका, पहिल्या पाच मिनिटांत उठून जातील. त्यांना कुमारची गोष्ट तोंडी सांगा, बापानं डॉक्टर हो म्हणून धोशा लावलेल्या मुलाची. फी मात्र अडवू देऊ नका. गरज पडली तर तुमच्या पेन्शनमधून भरा आणि त्यांना सांगून भरा. अभ्यास अडवून व्यसन थांबत नाही. नसलेलं व्यसन तर अजिबातच नाही.

राहिला तो तुमचा खरा प्रश्न.

विचारताना पत्रातला सूर ठेवू नका. 'ओढत नसशील ना?' अशा प्रश्नाला एकच उत्तर येतं, 'नाही गं आई'. ती पुण्याला परत जायच्या आदल्या दिवशी नको, घरात चार माणसं असताना नको, फोनवर तर नकोच. दोघीच असाल तेव्हा विचारा, 'तू कधी घेतला आहेस का? खरं सांग, मी ओरडणार नाही.' आणि ओरडू नका. तुमचा चेहरा ती तुमच्या शब्दांपेक्षा आधी वाचेल.

ती नाही म्हणाली तर विश्वास ठेवा आणि विषय तिथेच संपवा. उलटतपासणी नको, पिशव्या आणि कपाटं तपासणं नको. पोलिसी सिनेमांवर अभ्यास करणारा माणूस रोज गुन्हे करत नसतो. मुक्तांगणची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, त्याला सुरुवातीची देणगी दिली पु. ल. आणि सुनीताबाईंनी. ज्या माणसानं महाराष्ट्राला पोट धरून हसवलं, त्यालाच गर्दात बुडालेल्या पोरांची इतकी कळकळ होती. हसणं आणि काळजी एकाच घरात राहू शकतात.

ती म्हणाली, हो, एकदोनदा घेतला आहे, तर 'रीफर मॅडनेस' मधल्या मुख्याध्यापकांसारखं बोलू नका. एका झुरक्यानं वेड लागतं, आयुष्य संपतं, हे तिला खोटं आहे हे ठाऊक आहे, आणि मग तुमचं पुढचं काहीच तिच्या कानात शिरणार नाही. जे खरं आहे तेवढंच सांगा, ते पुरेसं गंभीर आहे. आजचा माल सत्तरच्या दशकातल्यापेक्षा कडक असतो. वारंवार घेतला तर स्मरणशक्ती आणि लक्ष यांवर परिणाम होतो, सवय लागते, आणि घरात कुणाला तीव्र मानसिक आजार असेल तर तरुण वयात धोका आणखी वाढतो. तुमच्या किंवा मिस्टरांच्या माहेरी-सासरी असं कुणी असेल, तर ते तिला आता सांगा. अशी माहिती आपल्याकडे लपवली जाते आणि तिथंच मुलांचं नुकसान होतं.

कायद्याचंही स्पष्ट बोला. सिनेमातलं कॅलिफोर्निया इथं नाही. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविषयीच्या कायद्यात भांगेची पानं गांजाच्या व्याख्येबाहेर आहेत, पण गांजा पूर्ण बेकायदा आहे. नुसतं ओढल्याबद्दल ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. थोडा जरी जवळ सापडला तरी १ वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दुसऱ्या कुणाचा माल तिच्या खोलीत किंवा बॅगेत ठेवलेला असला तरी निस्तरावं तिलाच लागेल. हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलांना नेमकं हेच कुणी सांगत नाही.

आणि ती म्हणाली की रोज लागतो, त्याशिवाय झोप येत नाही किंवा अभ्यास होत नाही, तर प्रबंध, फी, स्थळं हे सगळं त्या दिवशी बाजूला ठेवा. तिच्यासोबत पुण्याला जा. मुक्तांगणमध्ये बोला, किंवा १४४४६ या सरकारच्या मोफत मदतक्रमांकावर आधी फोन करा. एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्या आणि दाराशी तिच्याबरोबर थांबा. आत जायचं की नाही, हे तिला ठरवू द्या. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला त्याच कायद्यात खटल्यापासून संरक्षणाची तरतूद आहे, तेव्हा पोलिसांच्या भीतीनं मदत घ्यायची टाळू नका. तिच्या बाबांना त्याच रात्री सांगा, दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी.

तिच्याशी बोलून झाल्यावर काही सुचेनासं झालं, तर मला पुन्हा लिहा. ते पत्र इथं छापणार नाही, उत्तर तुमच्या पत्त्यावर पाठवीन.